पैसे गिऱ्हाइकाचे, किल्ली दुकानदाराची!

संगणकावरचे खेळ म्हणजे रिकामटेकड्या पोरांचा उद्योग, असे आपल्या चळवळीतील अनेक ज्येष्ठांचे मत आहे. आमचेही मत फारसे वेगळे नव्हते. परंतु आमच्या कार्यालयात काम शिकायला येणारे दोन तरुण वकील जेवणाच्या सुट्टीत ज्या त्वेषाने एका खेळावरून भांडत होते, तो त्वेष पाहून आम्हीही डबा बाजूला ठेवून ऐकू लागलो. खेळ बंदूकबाजीचा, ज्याला ही मुले ‘शूटर’ म्हणतात. एकाचे म्हणणे, खेळ अडखळत चालतो, कंपनीने काम धड केलेले नाही. दुसऱ्याचे म्हणणे, तुझा संगणकच जुनाट, त्याला कंपनी काय करणार?

वाद तासभर चालला. शेवटी पहिला मुलगा सहज बोलून गेला की, याआधी त्याने फुटपाथवरून अशाच एका खेळाची जुनी डिस्क घेतली होती. डिस्क अस्सल होती, संगणकही चालण्याजोगा होता. परंतु डिस्कसोबतचा क्रमांक आधीच्या मालकाच्या खात्यात एकदा नोंदला गेला होता, म्हणून खेळ उघडलाच नाही. पैसे गेले ते गेले. हे सांगताना त्याच्या आवाजात जराही राग नव्हता! खेळ अडखळतो म्हणून तासभर भांडणारा कायद्याचा पदवीधर, विकत घेतलेली वस्तू निरुपयोगी ठरली तरी ‘तसेच असते सर’ म्हणून गप्प बसतो. आम्हाला चिंता वाटली ती इथे.

हा प्रश्न नेमका कुठून सुरू झाला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेतील व्हॉल्व्ह ही कंपनी मायक्रोसॉफ्ट सोडून आलेल्या गेब न्यूवेल व माईक हॅरिंग्टन यांनी १९९६ साली काढली. तिच्या ‘हाफ-लाइफ २’ या खेळाची जगभर वाट पाहिली जात होती. ३० सप्टेंबर २००३ ही तारीख जाहीर झाली, ती टळली. खेळाचा मूळ संगणकीय मजकूर चोरीला जाऊन फुटला आणि अखेर १६ नोव्हेंबर २००४ रोजी खेळ बाजारात आला.

खेळ येण्याआधीच त्याच्या वेगावरून रणकंदन माजले होते. सप्टेंबर २००३ मध्ये व्हॉल्व्हने एका कार्यक्रमात चाचणीचे आकडे मांडले. त्यात एटीआय कंपनीचे महागडे ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाच्या तशाच महागड्या कार्डापेक्षा जवळपास दुप्पट वेगाने खेळ चालवताना दिसले. त्याच सुमारास एटीआयच्या नव्या कार्डासोबत या खेळाचे कूपन गिऱ्हाइकांना दिले जात होते! म्हणजे परीक्षक आणि परीक्षार्थी यांचा धंद्याचा संबंध होता. आकडे खोटे होते असे आमचे म्हणणे नाही. एनव्हिडियाच्या त्या पिढीची कार्डे नव्या पद्धतीच्या चित्रणात खरोखरच कमी पडत होती. परंतु आकडा कोण सांगतो आणि त्याचे हितसंबंध कुठे गुंतले आहेत, हे विचारण्याची सवय आपल्याला हवी. कूपन घेणाऱ्यांना मात्र वर्षभर कूपनच सांभाळत बसावे लागले.

कंपनीच्या पदरात जे श्रेय टाकायचे ते टाकलेच पाहिजे. हा खेळ केवळ श्रीमंतांच्या संगणकासाठी बनवलेला नव्हता. १.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि जुने ग्राफिक्स कार्ड एवढ्यावर तो चालत असे. कार्ड कमकुवत असेल तर खेळ स्वतःच चित्रांची झळाळी कमी करून घेई. विंडोज ९८ वरही तो चालेल असे कंपनीने सांगितले होते. सुरुवातीला आवाज व चित्र अडकण्याच्या तक्रारी आल्या, त्यावर दुरुस्त्याही निघाल्या. साध्या संगणकाच्या मालकाला दाराबाहेर न ठेवणारी ही कारागिरी होती आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे.

परंतु त्याच दाराला कंपनीने एक कुलूप लावून ठेवले होते. त्या कुलपाचे नाव स्टीम.

स्टीम ही व्हॉल्व्हची इंटरनेटवरील वितरण व्यवस्था सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाली. दुकानात जाऊन, रोख पैसे मोजून, खोक्यातील डिस्क घेतली तरी घरी आल्यावर स्टीमवर खाते उघडून, इंटरनेटवरून कंपनीची परवानगी मिळाल्याशिवाय ‘हाफ-लाइफ २’ सुरू होत नसे. एकट्याने खेळण्याच्या खेळालाही ही अट होती! पहिल्याच दिवशी कंपनीच्या यंत्रणेवर इतका ताण आला की, डिस्क हातात असूनही असंख्य लोक ताटकळत बसले. टेलिफोनच्या तारेवरून संथ इंटरनेट वापरणाऱ्यांचे हाल विचारायलाच नकोत. त्याच महिन्यात चोरीचा खेळ चालवण्याचा प्रयत्न केल्याच्या कारणावरून सुमारे २०,००० खाती बंद करण्यात आली. चोरीचे समर्थन आम्ही करत नाही. परंतु तपास करणारा, आरोप ठेवणारा, निकाल देणारा आणि शिक्षा अंमलात आणणारा हे सारे एकच, ही व्यवस्था कोणत्याही कायद्याच्या विद्यार्थ्याला खटकली पाहिजे.

याहून मोठी गोष्ट पुढे घडली. १ जानेवारी २०१९ पासून स्टीमने विंडोज एक्सपी व व्हिस्टावर चालणे बंद केले. ज्या संगणकासाठी हा खेळ बनवला, त्याच संगणकावर तो स्टीममार्फत खेळणे अशक्य झाले. संगणक तोच, डिस्क तीच, खेळण्याची इच्छा तीच. फक्त मधला द्वारपाल बदलला. जुन्या संगणकप्रणाली असुरक्षित होतात, त्यांना कायम सांभाळणे परवडत नाही, हे कंपनीचे म्हणणे खोटे नाही. पण मग जाताना कुलूप काढून जायला कोणी अडवले होते? म्हणूनच आम्ही म्हणतो की, ‘खेळ कसा चालतो’ आणि ‘खेळ कोणाच्या मर्जीने चालतो’ हे दोन वाद नाहीतच. सेकंदाला साठ चित्रे दिसोत की तीस. ज्या दिवशी द्वारपाल नाही म्हणेल, त्या दिवशी तो आकडा शून्य असतो.

हा प्रश्न न्यायालयांपुढेही गेला. जर्मनीतील ग्राहक संघटनांच्या महासंघाने या खेळाच्या खात्याचे हस्तांतरण करू न देणाऱ्या अटीला आव्हान दिले. ११ फेब्रुवारी २०१० रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला तो महासंघाच्या विरोधात. न्यायालयाचा तर्क असा की, गिऱ्हाईक डिस्क दुसऱ्याला विकू शकतो, त्याचा तो हक्क अबाधित आहे. खात्याशिवाय ती डिस्क नव्या मालकाच्या कामाची नाही, हा हक्काचा भंग नव्हे. म्हणजे बैल विकण्याची मुभा आहे, वेसण मात्र जुन्याच मालकाच्या हातात! कायद्याच्या अक्षराने हा निकाल बरोबर असेल, न्यायाच्या कसोटीवर तो आम्हाला पटत नाही.

ऑस्ट्रेलियात मात्र वेगळे घडले. तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये व्हॉल्व्हविरुद्ध दावा लावला. सदोष मालाचे पैसे परत मिळण्याचा हक्क तेथील कायदा देतो आणि कंपनीच्या अटी तो नाकारत होत्या. कंपनीचा बचाव ऐकण्यासारखा आहे: आमचा धंदा ऑस्ट्रेलियात नाही, करार अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने चालतो आणि आम्ही ‘माल’ विकतच नाही. तेथे सुमारे २२ लाख खाती असताना हा बचाव! २०१६ च्या मार्च महिन्यात संघीय न्यायालयाने तो फेटाळला, डिसेंबरमध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला आणि २०१७ मध्ये अपीलही फेटाळले गेले. दावा चालू असतानाच, जून २०१५ मध्ये, स्टीमने खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या खेळाचे पैसे परत देण्याचे धोरण जाहीर केले. कार्यकर्त्यांनी यातून काय तो बोध घ्यावा.

फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने २०१९ साली पॅरिसच्या न्यायालयातून खेळ पुन्हा विकण्याचा हक्क मिळवला होता; २०२२ मध्ये अपिलात तो गेला आणि २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीचीच बाजू उचलून धरली. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला आहे की, केवळ परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असे म्हणता येणार नाही. त्याआधी काही महिने स्टीमनेच खरेदीच्या पानावर ‘हा परवाना आहे’ अशी सूचना लावली. वीस वर्षे जे विकले जात आहे असे लोकांना वाटत होते, ते विकले जातच नव्हते, याची ही कबुलीच नव्हे काय?

आता दुसरी बाजू. स्टीममुळे खेडेगावातल्या मुलालाही जगातला कोणताही खेळ घेता येतो, दुरुस्त्या आपोआप येतात, नव्या संगणकावर जुनी खरेदी पुन्हा उतरवता येते, लहान खेळकर्त्यांना मोठ्या वितरकांचे पाय धरावे लागत नाहीत. २०१५ पासून रुपयात किंमत दिसते. हे सर्व खरे आहे. परंतु सोय हे हक्काचे मोल होऊ शकत नाही. दुकानदार चांगला आहे म्हणून पावती फाडून टाकायची नसते. आणि कुलपाशिवाय धंदा होत नाही हेही खरे नाही. पोलंडमधील एक कंपनी २००८ पासून ‘गॉग’ नावाने खेळ विकते आणि ते खेळ गिऱ्हाइकाने उतरवून ठेवले की पुढे कोणाच्या परवानगीविना चालतात.

आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो? योगायोग पाहा. ‘हाफ-लाइफ २’ बाजारात येण्याच्या अकरा दिवस आधी, ५ नोव्हेंबर २००४ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात निकाल दिला की, सीडीवर विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, सबब त्यावर विक्रीकर लागतो. म्हणजे कर घेताना तो माल आणि गिऱ्हाइकाने मालकी सांगितली की तो परवाना! हा दुटप्पीपणा कुठवर चालवून घ्यायचा?

लढण्यासाठी हत्यार नाही असेही नाही. १९८६ साली ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दुबळ्या पक्षाला वाटाघाटीची ताकदच नसते आणि ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून त्याला गत्यंतर नसते, तेव्हा करारातील अन्याय्य अट लोकहिताविरुद्ध म्हणून रद्द ठरते. आज ठिपक्यांची रेषा गेली, तिथे ‘मला मान्य आहे’ हे बटण आले, एवढाच फरक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर ‘अन्याय्य करार’ ही संकल्पनाच कायद्यात आणली, अशा अटी रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला दिला, ई-व्यापाराच्या व्याख्येत डिजिटल वस्तूंचा समावेश केला आणि ग्राहकाला तो राहतो तेथील आयोगापुढे तक्रार करण्याची मुभा दिली. वॉशिंग्टनला जाण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, पोटापाण्याचे इतके प्रश्न असताना खेळाचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षण जुन्या पुस्तकांवर झाले आहे. थोरल्याचे पुस्तक धाकट्याकडे, त्याच्याकडून शेजारच्या मुलीकडे, तिथून वस्तीच्या वाचनालयात, असा एकाच पुस्तकाचा प्रवास चार-पाच घरे उजळून जात असे. त्यासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नव्हती. उद्या तीच पुस्तके, स्पर्धा परीक्षेचे तेच वर्ग खात्याला बांधून येतील, नव्हे, येऊ लागलेच आहेत. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके गिऱ्हाइकांच्या वाचनयंत्रातून परस्पर काढून घेतली होती. नंतर कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली. पुस्तक छापील असते तर कोणाच्या घरात शिरून ते नेता आले असते काय? खेळाच्या डिस्कवर जे खपले, ते पुस्तकावर खपवणे सोपे आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. परवाना देत असाल तर ‘विकत घ्या’ म्हणू नका. विकत असाल तर गिऱ्हाइकाला ती वस्तू दुसऱ्याला देण्याचा हक्क द्या. सेवा वा जुन्या यंत्राचा आधार बंद करणार असाल तर आधी कुलूप काढा. खाते बंद करण्यापूर्वी गिऱ्हाइकाचे म्हणणे ऐकून घ्या. ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही, हे न्यायाचे पहिले तत्त्व आहे.

आमच्या कार्यालयातील त्या तरुण वकिलाला आम्ही त्याची फुटपाथवरची डिस्क घेऊन यायला सांगितले आहे. तिची किंमत दीडशे रुपये होती. तक्रारीचा मसुदा त्यानेच लिहायचा आहे. टिकेल की नाही हे आयोग ठरवील. परंतु ‘तसेच असते सर’ हे वाक्य त्यात कुठेही येता कामा नये, एवढी अट आम्ही घातली आहे.