केरसुणी कोणाच्या हाती?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नवी केरसुणी घरी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि लक्ष्मी म्हणून तिच्यापुढे हात जोडतो. पुढे वर्षभर ती कोणाच्या हाती असते, हा प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही. पूजा आपली आणि झाडणे दुसऱ्याचे, अशी ही जुनी वाटणी आहे. ती मोडण्याची आशा तरुणांकडून धरावी, तर आमचे नवे विद्यार्थी-पुढारी तीच वाटणी कॉलेजच्या आवारात मोठ्या थाटाने मांडू लागले आहेत. माझी तक्रार आहे ती ही.

गेल्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शुद्धलेखनात कच्चा, पण मनाचा निर्मळ. आता तो आपल्या कॉलेजचा विद्यार्थी प्रतिनिधी आहे. म्हणाला, ‘‘सर, आम्ही शून्य कचरा सप्ताह करतो आहोत. उद्‌घाटनाला तुम्हीच यायचे.’’ मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. कॉलेजची पायरी चढतो ती अशा भाषणापुरतीच. तेव्हा फुशारून गेलो, हे कबूल करतो.

फाटकावर भला मोठा फ्लेक्स होता. त्यावर प्राचार्य, प्रतिनिधी आणि अस्मादिक. व्यासपीठावर प्रत्येकापुढे पाण्याची चिमुकली बाटली. माझ्या हाती पुष्पगुच्छ आला तो चकचकीत प्लास्टिकात गुंडाळलेला. मुलांनी हात पुढे करून शपथ घेतली. मग नव्या कोऱ्या झाडूंनी आधीच झाडलेले अंगण पुन्हा झाडले गेले, फोटो निघाले आणि शेवटी रुपेरी मुलाम्याच्या डिशांतून वडे व कागदी पेल्यांतून चहा आला. त्या कागदालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो कुजत नाही. पण कागद म्हटले की आपली सद्सद्विवेकबुद्धी निवांत झोपते!

सारे पांगल्यावर सफाईच्या मावशी पोते घेऊन आल्या. मला पाहून त्यांतली एक म्हणाली, ‘‘सप्ताह चांगलाय हो सर, पण आज रोजच्यापेक्षा दोन पोती जास्त भरली.’’

माझ्या हातात तो गुच्छ होता. मी काही बोललो नाही. तेव्हा जे बोललो नाही, ते आज येथे लिहितो आहे.

‘निदान जागृती तरी होते,’ असे म्हणणारे भेटतील. मी विचारतो, कोणाची जागृती? ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा, हे २०१६ च्या नियमांनी सांगितले. थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर महाराष्ट्र सरकारने २०१८ साली बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले आणि काटे-चमचे देशभर बंद झाले. त्याच वेळी पीव्हीसीचे फलकही बंद झाले, पण १०० मायक्रॉनहून पातळ तेवढेच. जाड फ्लेक्स सुटला आणि आमच्या फाटकावर चढला. ठाऊक नाही असे कोणाला काय उरले आहे? उणीव ज्ञानाची नाही, भांडण्याची आहे. पुढाऱ्याचे काम शपथ देणे हे नव्हे. कँटीनचा ठेका दिला जातो तेव्हा प्राचार्यांपुढे उभे राहून ‘पेले स्टीलचे हवेत आणि ते विसळणाऱ्या माणसाला पगार हवा’ असे ठणकावणे, हे त्याचे काम. जो कचरा फाटकातून आत आलाच नाही, तो उचलावा लागत नाही. इतका साधा हिशेब आहे. पण त्याचा फोटो निघत नाही.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. दिवसा झाडलेल्या गावालाच रात्री चार शब्द सुनावण्याचा त्यांना अधिकार होता. आम्ही कीर्तन ठेवले आणि खराटा फोटोपुरता घेतला.

दुसरे उदाहरण पुण्याचे. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या काही अध्यापिका कचरा वेचणाऱ्या बायकांना अक्षरे शिकवायला गेल्या आणि त्यांच्याकडूनच बरेच काही शिकून आल्या. त्या कामातून पुढे, डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने, १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेगळा ठेवणे हा त्या बायकांच्या दृष्टीने सद्‌गुणांचा धडा नव्हता, मजुरीचा प्रश्न होता. आमटीत भिजलेल्या रद्दीला भाव येत नाही आणि नासक्या अन्नात हात घालावा लागतो तो त्यांना. विद्येच्या मंदिरातून बाहेर पडून केलेले काम म्हणतात ते हे.

हे सारे मी त्या मुलाला नंतर ऐकवले. तो रागावला नाही, कष्टी झाला. म्हणाला, ‘‘सर, प्राचार्यांशी भांडलो तर पुढच्या वर्षी सप्ताहाला परवानगीच मिळणार नाही.’’

अरे, मग नको मिळू दे! सप्ताह गेला आणि स्टीलचे पेले आले, तर कॉलेजचे काय बिघडले? तुझा फोटो गेला आणि मावशींच्या पाठीवरची दोन पोती उतरली, तर देशाचे काय बुडाले?

त्या मुलाला दोष देताना माझी जीभ मात्र अडखळते. ‘स्वच्छतेचे महत्त्व’ या विषयावर त्याच्याकडून निबंध लिहून घेऊन त्याला दहापैकी आठ गुण देणारा मास्तर मीच होतो. ज्या वर्गात तो निबंध लिहिला, तो वर्ग शाळा सुटल्यावर कोण झाडते, हे मी त्याला कधी विचारले नाही. आडात नव्हते, ते पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून दिवाळीच्या सुटीनंतर माझ्या वर्गाची केरसुणी आळीपाळीने मुलांच्या हाती येणार आहे आणि पहिली पाळी माझी आहे. त्या दिवशी फोटो काढायला कोणी येऊ नये.