फडात उतरण्याआधी धनुर्वाताची लस घ्या

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शेतकरी, पशुपालक व ऊसतोड कामगार बंधू-भगिनींनो,

कोयता निसटून पायाला लागला, बाभळीचा काटा टाचेत मोडला, पाचटानं बोट चिरलं, तर आपण काय करतो? दगडी पाल्याचा रस पिळतो, तंबाखू-चुना लावतो, काहीच नसेल तर चिमूटभर माती दाबतो आणि पुन्हा कामाला लागतो. रक्त थांबतं, जखम विसरली जाते. पण धनुर्वाताचं मूळ याच मातीत आहे. त्याच्या जंतूंची बीजं शेतात, गोठ्यात, शेणखतात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. गंजलेल्या खिळ्याला आपण फार भितो, पण दोष गंजाचा नसतो, खिळ्याला लागलेल्या मातीचा असतो. काट्याच्या खोल, बारीक जखमेत हवा पोचत नाही, म्हणून ती वरून क्षुल्लक दिसली तरी या जंतूंना तीच सोयीची असते.

जखम झाल्यावर साधारण तीन ते एकवीस दिवसांत जबडा आखडू लागतो, घास गिळता येत नाही, मान ताठते. मग पाठ धनुष्यासारखी वाकवणारे झटके येतात. थोडा आवाज झाला, उजेड पडला, तरी झटका येतो, आणि रोगी पूर्ण शुद्धीवर राहून हे सगळं सोसतो. अशा वेळी घरच्यांनी ‘बाहेरचं’ समजून अंगारे-धुपारे करत एक दिवसही घालवू नये. जबडा उघडेना की थेट मोठं रुग्णालय गाठावं.

2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. विळ्यानं नाळ कापून तिच्यावर राख लावण्याचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना हे यश केवढं आहे ते कळेल. गरोदर बाईची लस, दवाखान्यातलं बाळंतपण आणि दारोदार फिरणाऱ्या परिचारिका व आशाताई यांचं हे फळ आहे. पण इथे निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे नवजात धनुर्वाताचा एकाहून कमी रुग्ण. जमिनीतला जंतू आहे तिथेच आहे.

म्हणून आज मला काळजी वाटते ती मोठ्या माणसांची, त्यातही पुरुषांची. बायकांना निदान गरोदरपणी लस मिळाली. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम 1985 मध्ये सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या दंडाला बालपणीची सुई लागलेलीच नाही. साठीतल्या आजींचाही शेवटचा डोस धाकट्या लेकराच्या वेळचा, म्हणजे त्याचा जोर कधीच ओसरलेला. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे शेजाऱ्यानं लस घेतली म्हणून आपण वाचत नाही. एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. ज्याची त्यानं लस घेणं, एवढाच मार्ग आहे.

हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट 1966 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या उत्पादनांत घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं धनुर्वातविरोधी सीरम होतं. आपल्याच जिल्ह्यात ज्याच्यावरचा उपाय तयार झाला, त्या रोगानं आपल्या फडातला माणूस जावा, हे मनाला पटत नाही.

जखम झाली तर ती वाहत्या पाण्यानं आणि साबणानं भरपूर धुवा, वर माती किंवा शेण लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. आधीची लस कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा, कारण प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन लागतंच असं नाही. एकही डोस आठवत नसेल तर जखमेची वाट पाहू नका. पहिल्या डोसनंतर महिनाभरानं दुसरा, पुढे सहा महिन्यांनी तिसरा आणि मग दर दहा वर्षांनी एक. पूर्वीच्या ‘टीटी’ऐवजी आता ‘टीडी’ मिळते, तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण आहे. डोसची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दिवाळीनंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या फडांवर बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या उतरतील. मुकादमांना हात जोडून विनंती, की उचल देताना लसीचंही विचारा. कोपीत गरोदर बाई असेल तर तिचं नाव पहिल्याच आठवड्यात गावच्या आशाताईंना कळवा. आणि ऊसतोडीला निघणाऱ्या मायबहिणींनो, लेकरांचं लसीकरणाचं कार्ड गावी पेटीत ठेवू नका, बिऱ्हाडाबरोबर घेऊन या. राहिलेला डोस इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो.