दोन स्वर आणि त्यांतला 'मी'

'द सिव्हिल वॉर्स' या अमेरिकन लोकगीत-वळणाच्या गायकजोडीचा विषय निघाला, की पहिला प्रश्न येतो तो त्या दोघांचे बिनसले कशावरून, हा. आम्हांला तो गौण वाटतो. जॉय विल्यम्स आणि जॉन पॉल व्हाइट पती-पत्नी नव्हते; दोघांचे संसार वेगळे होते. तरी गिटार आणि क्वचित पियानो एवढ्याच साथीवर ते दुरावा असा गात, की श्रोत्यांनी त्यांना प्रेमी युगुल ठरवूनच टाकले! २०११च्या 'बार्टन हॉलो'नंतर ग्रॅमी पुरस्कार आले, नोव्हेंबर २०१२मध्ये आपसातील बेबनावाचे कारण देऊन दौरा रद्द झाला. ऑगस्ट २०१३मध्ये दुसरा अल्बम 'बिलबोर्ड २००'च्या अग्रस्थानी पोचला, तेव्हा दोघांत बोलणेही उरले नव्हते. वर्षभराने जोडी अधिकृतपणे संपली.

साहजिकच ती गाणी भांडणाची साक्ष म्हणून ऐकली गेली. कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे, हे वर्गात शिकवणारे आपणही गाण्यापुढे ते सोयीस्कर विसरतो. अबोला धरलेल्या दोघांचे स्वर इतके जुळावेत, यातच त्या तर्काचे उत्तर नाही काय? आम्ही तो अल्बम अजून ऐकतो, तो हे दोन स्वर वेगळे होऊन पुन्हा नेमके कुठे भेटतात, हे टिपण्यासाठी.