गोळी हवी, चालायला अंगणही हवं

बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण सारे जाणतो. तरीही साखर तपासायला वस्तीत गेलो की आम्हाला ऐकावं लागतं, "ताई, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसली शुगर?" पण शिलाई मशीनवर बसून किंवा ओट्याशी उभं राहून अंग थकतं, पायांच्या मोठ्या स्नायूंना मात्र पुरेसं काम मिळत नाही.

आपल्या पेशींत एएमपीके नावाचं एन्झाइम पहारा देतं. एटीपी हे पेशीचं इंधन. ते कमी पडू लागलं की एएमपीके जागं होतं, चरबी साठवणं थांबवतं आणि साखर, चरबी जाळायला लावतं. चालताना स्नायूंत हेच घडतं. इन्सुलिनचा असर कमी झाला असला, तरी चालते स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. सरकारी दवाखान्यातली मेटफॉर्मिनची गोळीही काही अंशी याच एन्झाइममार्फत काम करते. म्हणून दोन्ही हवं. चालायला लागलात म्हणून मनानं गोळी सोडू नका.

पण बायांनी चालायचं कुठे? बोळात उघडी गटारं आणि अंधार. नुसतं "चाला" म्हणून भागत नाही. भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले; त्यांत निरोगीपण आणि अन्नाचं पचनही आहे. मग संध्याकाळच्या वंदनेनंतर विहाराचं अंगण अर्धा तास महिलांना चालण्यासाठी मोकळं ठेवायला काय हरकत आहे? बोळातल्या दिव्यासाठी नगरपालिकेकडे अर्जही सगळ्यांनी मिळून करू. आरोग्य हा आपला हक्क आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!