हौसेच्या दोरावरून स्पर्धेकडे

दोरीच्या मल्लखांबावर आमच्या वसतिगृहातील मुली हौसेने खेळतात. आता त्यांचा स्पर्धेचा संघ उभा राहत आहे. हौसेच्या वर्गात प्रत्येकीला दोर मिळतो, संघात मात्र निवड येते, आणि निवडीचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. बाळू पालवणकरांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही; तो मान १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना लाभला. म्हणून चढणे, आसने व उतरणे यांचे गुण सर्वांदेखत फळ्यावर मांडूनच निवड व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोशाखाचा खर्च संस्थेने उचलावा. वगळलेल्या मुलींसाठी संध्याकाळचा दुसरा दोर टांगलेलाच राहावा.