धूसर छायाचित्र आणि आपली जबाबदारी

डॉक्टरांच्या स्मरणिकेत कॅमेऱ्याच्या तक्रारींविषयी लिहिणे काहींना अस्थानी वाटेल. परंतु आजकाल मुलाच्या अंगावर पुरळ उठले, की पालक आधी छायाचित्र काढतात आणि मग डॉक्टरांना फोन करतात. छायाचित्र हे आपल्या तपासणीचेच एक अंग होऊन बसले आहे. म्हणूनच एका धूसर छायाचित्राने मला शिकवलेला धडा येथे नमूद करावासा वाटतो.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरत असताना, बडोद्यातीलच एका परिचित कुटुंबातील पाच वर्षांच्या मुलाच्या पायांचे छायाचित्र रात्री माझ्याकडे आले. वडील हौशी छायाचित्रकार, कॅमेराही उत्तम. पोटऱ्यांवर केवळ लालसर छटा दिसत होती. मुलाला ताप नव्हता, ते खेळत होते. ‘घामोळे असावे, काळजी नको,’ असे सांगून मी मोकळा झालो. घामोळे सहसा मानेवर, पाठीवर किंवा त्वचेच्या घड्यांत येते, हेही त्या क्षणी मला सुचले नाही.

तिसऱ्या दिवशी आई मुलाला घेऊन आली. ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणालात म्हणून दोन दिवस थांबले, पण हे घामोळ्यासारखं दिसत नाही हो!’ तिचे बरोबर होते. ती छटा नव्हतीच. टाचणीच्या टोकाएवढे असंख्य ठिपके होते आणि काचेने दाबूनही ते फिके पडत नव्हते. रक्ततपासणीत प्लेटलेट्स फारच कमी निघाल्या. विषाणूजन्य आजारानंतर उद्भवणारा ‘आयटीपी’ हा विकार होता. मूल पूर्ण बरे झाले. तथापि त्या दोन दिवसांत ते सायकलवरून डोक्यावर पडले असते तर, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

त्या सायंकाळी मी ते छायाचित्र मोठे करून पाहिले. चादरीवरील फुलांची नक्षी अगदी रेखीव आली होती. धूसर होती ती फक्त त्वचा! वडिलांना लेन्समध्ये दोष वाटत होता. वस्तुतः कॅमेरा निर्दोष होता. स्वयंचलित फोकस हा बहुधा उजेड-अंधाराच्या ठळक कडा शोधतो. गुळगुळीत त्वचेवर त्या त्याला सापडल्या नाहीत, चादरीवर सापडल्या.

धूसरपणा हा रोग नव्हे, लक्षण आहे. आणि लक्षणाची कारणे अनेक असतात. एखादी दुसरीच वस्तू स्पष्ट असेल, तर फोकस चुकीच्या जागी बसला आहे. सारे चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखे असेल, तर हात हलला आहे. पार्श्वभूमी स्पष्ट आणि केवळ मूल फराटल्यासारखे असेल, तर मूल हलले आहे. गरब्याच्या छायाचित्रांत दिवे स्पष्ट आणि नाचणारी नात धूसर येते, ती याच कारणाने. कशाचीच कड स्पष्ट नसेल, तर कॅमेरा लेन्सच्या किमान अंतराहून जवळ नेला आहे. दिव्यांभोवती धुके दिसत असेल, तर लेन्सवर बोटांचे डाग आहेत किंवा वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आल्याने बाष्प साचले आहे.

उपायही सोपे आहेत. मुलाला साध्या, एकरंगी चादरीवर खिडकीच्या उजेडात बसवावे. पुरळाशेजारी, त्वचेला चिकटून, मोजपट्टी ठेवावी. तिने ठिपक्यांचा आकार कळतो आणि कॅमेऱ्याला ठळक कडाही मिळते. फोकसचा एकच बिंदू निवडून तो तेथे ठेवावा. बटण अर्धे दाबून फोकस बसला, की पुढे-मागे न सरकता ते पूर्ण दाबावे. चुळबुळ्या मुलासाठी शटरचा वेग १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद असावा. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण हाताचा कंप सावरते, मुलाची हालचाल नव्हे. शेवटी छायाचित्र पडद्यावर मोठे करून तपासावे, कारण लहान पडद्यावर सारेच स्पष्ट भासते. पाठवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे बारकावे दाबले जात नाहीत.

काही व्यवसायबंधू म्हणतात, छायाचित्रे स्वीकारूच नयेत. मला ते पटत नाही. दूरगावच्या पालकांना हा मोठा आधार आहे. परंतु पालकांना उत्तम छायाचित्रण येत नाही, ही सबब आपल्याला उपयोगी नाही. मार्च २०२० मधील दूरवैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनीही, दुरून दिलेला सल्ला पुरेसा आहे की प्रत्यक्ष तपासणी हवी, याचा निर्णय डॉक्टरांच्या विवेकावरच सोपवला आहे. धूसर छायाचित्रावर आपण अंदाजाने मत दिले, तरी पालक ते ठाम निदान म्हणूनच ऐकतात. म्हणून ‘मला दिसत नाही, मुलाला घेऊन या,’ एवढे म्हणण्यात आपण कमीपणा मानू नये. स्पष्ट छायाचित्रातही ठिपके दाबून पाहता येत नाहीत, हे विसरून चालणार नाही.

माझी एक सूचना आहे. वरील सूचनांचा अर्ध्या पानाचा मजकूर मराठी आणि गुजरातीत छापून आपण प्रत्येकाने आपल्या दवाखान्यात लावावा. त्याखाली एक ओळ ठळक अक्षरांत असावी : ‘अंगावरचे लाल ठिपके दाबूनही फिके पडत नसतील, तर फोटो काढण्यात वेळ घालवू नका, मुलाला लगेच डॉक्टरांकडे आणा.’ त्या आईने माझ्या शब्दापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.