वळणावरचा भरवसा

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाने सहा गियरची, लाल शिलाईच्या सीट्सची, दोन सायलेन्सरची गाडी घ्यावी का, हा प्रश्न आमच्या घरात बराच चर्चिला गेला. सोसायटीतही चर्चिला गेला असावा, कारण गाडी आली त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकांनी पेढा तोंडात टाकता टाकता "मुलासाठी घेतली का?" असं विचारलं. मुलगा नाही आम्हाला. असो.

गाडी म्हणजे आय-ट्वेन्टी एन लाईन. 2021 साली आपल्याकडे आली तेव्हापासून डोळ्यांत होती. एक लिटरचं टर्बो इंजिन, 120 पीएसची ताकद, नेहमीच्या आय-ट्वेन्टीपेक्षा कडक सस्पेन्शन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. शर्यतीची गाडी नव्हेच ती, पण ज्याने वीस वर्षांत मारुती 800 आणि मग एक डिझेल सेडान एवढंच चालवलंय, त्याच्यासाठी ती पुरेशी शर्यतीची होती.

तर सांगायचं आहे ते वेगाबद्दल नाही, वळणांबद्दल आहे. सरळ रस्त्यावर कुठलीही गाडी शहाणीच वाटते. तिची आणि आपली खरी ओळख होते ती घाटात. आमचा घाट ठरलेला, पसरणीचा. बायकोचं माहेर वाईचं. त्यामुळे गेली कित्येक वर्षं महिन्यातून एकदा वाई आणि मग "आलोच आहोत तर" म्हणून पाचगणी हा आमचा नेम. वर चढताना खाली धोमचं पाणी दिसतं, कृष्णेकाठची शेतं दिसतात. म्हणजे शेजारी बसणाऱ्याला दिसतात.

मारुती 800 मध्ये या घाटात एक सोय होती. जरा वेगात वळण घेतलं की गाडी बाहेरच्या बाजूला कलायची, मागच्या सीटवरच्या पिशव्या दाराकडे धावायच्या, टायर कुरकुरायचे आणि शेजारून "अहो!" असा आवाज यायचा. हे सगळं चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाला. म्हणजे प्रत्यक्षात घसरायच्या खूप आधीच गाडी चार प्रकारे सांगायची की बाबा रे, बास.

नवी गाडी यातलं काहीच सांगत नाही. ती कलत नाही, कुरकुरत नाही. ज्या वळणावर जुन्या गाडीत माझे हात घामेजायचे, तिथे ही गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते. आणि मला वाटू लागलं की मी छान चालवतोय! चांगल्या गाडीचा हा दोष कोणी सांगत नाही. तिची मर्यादा लांब असते हे खरं, पण ती मर्यादा आली कधी हे कळणंही तितकंच अवघड असतं.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी, पावसाची नुकतीच एक सर येऊन गेलेली, आम्ही पाचगणीहून उतरत होतो. डावं वळण, डाव्या हाताला डोंगर, म्हणजे पलीकडचं काही दिसायचा प्रश्नच नाही. वेग असेल पंचावन्न. वळणाच्या मधोमध असताना समोरून एक पर्यटकांची गाडी वळण कापत थेट माझ्या बाजूने आली. मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय झटक्यात उचलला आणि स्टीअरिंग आणखी आत ओढलं. ती गाडी गेली निघून. पण माझ्या गाडीचं मागचं अंग उजवीकडे सरकलं. किती? एखादी वीत, फार तर हातभर. समोर घसरत्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकला, कुठल्यातरी एका चाकाचा ब्रेक आपोआप लागल्याची खरखर ऐकू आली आणि गाडी पुन्हा सरळ झाली. बायको काही बोलली नाही. तिने फक्त दारावरचं हँडल धरलं आणि वाई येईपर्यंत सोडलं नाही.

तो पिवळा दिवा म्हणजे ईएससी. चाकांचा वेग, स्टीअरिंगचा कोन आणि गाडी स्वतःभोवती किती वळतेय याचा हिशोब ही यंत्रणा सतत ठेवते आणि गडबड दिसली की नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावते. 1995 साली ती प्रथम मर्सिडीजच्या एका महागड्या मॉडेलमध्ये आली. मग 1997 मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत त्याच कंपनीची छोटी ए-क्लास उलटली, मोठा गाजावाजा झाला, आणि कंपनीला ती यंत्रणा छोट्या गाडीतही सरसकट द्यावी लागली. त्या स्वीडिश पत्रकारांचा मी ऋणी आहे.

पुढचे काही आठवडे माझी अवस्था वाईट होती. साध्या वळणाला मी वीसवर यायचो. मागे रांग लागायची, हॉर्न वाजायचे. गाडी विकावी असंही एकदा मनात आलं. भरवसा असा गेला की तो उरलासुरलाही घेऊन जातो.

मग मी दोन गोष्टी केल्या. पहिली अगदीच क्षुल्लक. टायरमधली हवा थंड असताना मोजली. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा चांगलीच जास्त निघाली. वाहतुकीसाठी नव्या गाड्यांत जास्त हवा भरलेली असते आणि ताब्यात देताना ती कमी करायची असते. माझ्या बाबतीत ते कुणीतरी विसरलं होतं आणि मीही महिनोन्‌महिने बघितलं नव्हतं. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग मुळात तळहाताएवढा, त्यात हवा जास्त म्हणजे तो आणखी कमी.

दुसरी गोष्ट म्हणजे, रविवारी पहाटे एकट्याने घाटात जायला लागलो. रस्ता तोच, गियर तोच, वेग मात्र दर खेपेला थोडाच वाढवायचा आणि काय होतंय ते नीट बघायचं. शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उपयोगी पडलं. वळणावर गाडीला आत धरून ठेवायला लागणारं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. चाळीसचे पन्नास केले की काट्यावर दहाच वाढलेले दिसतात, पण टायरवरचा भार वाढतो छपन्न टक्क्यांनी. आणि टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. त्याच पगारातून वळायचं, त्यातूनच ब्रेक लावायचा. सगळा वळण्यात खर्च केला आणि मधेच ब्रेकचं बिल आलं, की उधारी. मी त्या दिवशी पाय उचलला तेव्हा गाडीचं वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली आणि नेमकं तेव्हाच मी जास्त वळायला सांगितलं. गाडीची चूक शून्य होती.

त्यामुळे आता ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. मग वळण अगदी हलक्या, एकसारख्या अ‍ॅक्सिलरेटरवर. आणि नजर समोरच्या खड्ड्यावर न ठेवता वळण जिथे उघडतं तिथे. हे सगळं पुस्तकी वाटेल, पण मला ते उमजलं एका एसटीच्या मागे दहा मिनिटं अडकून पडल्यावर. नेहमी चडफडलो असतो. त्या दिवशी बघत राहिलो. ड्रायव्हरदादांचे ब्रेकचे दिवे प्रत्येक वळणाच्या आधी एकदाच लागायचे आणि वळणात शिरल्यावर पुन्हा नाही. एवढं मोठं धूड, पण एकदाही झोकांडी नाही. माझ्या 120 पीएसला जे जमत नव्हतं ते ते रोज करत असणार, आणि तेही उभ्या प्रवाशांसकट.

आता माझं मत, कुणाला पटो न पटो. घाटात टायरची पकड संपायच्या फार आधी नजर संपते. साठच्या वेगाला सेकंदाला सुमारे सतरा मीटर जातात. आपण दचकून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत सतरा, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी अठरा, म्हणजे पस्तीस मीटर. चाळीसला हाच हिशोब एकोणीसवर येतो. डोंगराआडून मला पंचवीस मीटर दिसत असतील तर साठने जाणं म्हणजे जुगार, मग गाडी कितीही चिकटून चालो. शिवाय समोरचाही येतच असतो, म्हणजे त्या पंचवीसातले निम्मेच आपले. "गाडीवर पूर्ण विश्वास आहे" असं म्हणणाऱ्या मित्रांना मी हल्ली विचारतो, वळणापलीकडच्या टेम्पोवरही आहे का?

आणखी एक कुरकुर. लायसन्स काढताना मी आठचा आकडा काढला, गाडी मागे घेतली, झालं. गाडी घसरते म्हणजे काय होतं, एबीएस लागल्यावर पायाखाली ब्रेकचं पेडल कसं थडथडतं, हे कुणी दाखवलं नाही. नॉर्वेत निसरड्या ट्रॅकवर गाडी घसरवून बघितल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. त्यांच्याकडे बर्फ आहे म्हणून, असं म्हणाल. आपल्याकडे चार महिने पाऊस आहे की. पहिल्या पावसात धूळ आणि तेलाचा जो लगदा रस्त्यावर होतो तो काही कमी निसरडा नसतो. पण आपल्याकडे हा धडा थेट घाटातच घ्यायचा, बायको शेजारी बसलेली असताना.

बायकोवरून आठवलं. माझी प्रगती मोजायचं खरं साधन तीच आहे. वळण नीट बसलं नाही तर ती वाक्य मधेच तोडते, आणि वळण संपलं की पुन्हा सुरू करते. मला वाटतं तिला स्वतःला हे माहीत नाही. मागच्या महिन्यात उतरताना ती मामेबहिणीच्या लग्नातल्या मानापमानाची गोष्ट सांगत होती. ते डावं वळण आलं. मी आधीच तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो, पस्तीसने आत शिरलो, समोरून एक जीप आली, तिला तिची जागा मिळाली, मला माझी. गोष्ट चालूच होती. मुलाकडच्यांनी आहेर परत पाठवला तिथवर ती पोचली होती.

"तू ऐकतोयस ना?" तिने विचारलं.

ऐकत होतो. पण हँडलकडे बघून घेतलं एकदा. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या कंदी पेढ्यांच्या पुड्यावर होते.